पाळीव साप आपल्याच मालकाला का चावतो?

तीन-चार वर्षे ज्या सापाने हाताभोवती निमूटपणे वेटोळे घातले, तोच एखाद्या दिवशी मालकाच्या अंगठ्याला कडकडून चावतो. अशा वेळी घरात दोन प्रतिक्रिया हमखास उमटतात. 'साप तो शेवटी सापच' ही पहिली आणि 'काही तरी डूख धरला असावा' ही दुसरी. या दोन्हींमुळे मूळ प्रश्न बाजूला राहतो. साप डूख धरतो ही समजूत लोककथांपुरतीच खरी आहे. स्वभावाने शांत असलेला साप एकाएकी चावू लागला, तर त्यामागे बहुधा भूक, भीती, वेदना किंवा आजार यांपैकी काही तरी असते. सापाला विव्हळता येत नाही, लंगडता येत नाही, चेहऱ्यावर दुःख दाखविता येत नाही. आजार लपविण्याकडेच त्याचा कल असतो, कारण रानात अशक्त दिसणारा प्राणी लवकर भक्ष्य होतो. त्यामुळे मालकाच्या लक्षात येणारे बिघाडाचे पहिले लक्षण हा दंशच असणे अगदी शक्य आहे.

येथे विचार केवळ बिनविषारी पाळीव सापांचा आहे. नाग, घोणस, धामण, अजगर हे आपल्या परिसरातील साप वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ अन्वये संरक्षित असून ते घरात ठेवणे गुन्हा आहे. भारतात हौसेखातर जे साप पाळले जातात ते परदेशी असतात आणि त्यांत पश्चिम व मध्य आफ्रिकेतील बॉल पायथन तसेच अमेरिकेच्या आग्नेय भागातील कॉर्न स्नेक हे प्रमुख होत. बॉल पायथन सुमारे तीन ते पाच फूट वाढतो. घाबरला की डोके मध्ये लपवून तो अंगाचा चेंडू करतो आणि त्यावरूनच त्याला हे नाव मिळाले आहे. नीट निगा राखल्यास तो वीस-तीस वर्षे सहज जगतो. इतका भिडस्त साप जेव्हा चावतो तेव्हा ती घटना दुर्लक्षिण्याजोगी नसते.

भुकेचा दंश आणि भीतीचा दंश

प्रथम हे दोन दंश वेगळे ओळखावे लागतात. बॉल पायथनच्या ओठांवरील खवल्यांत उष्णता टिपणाऱ्या बारीक खाचा असतात. जिभेने गोळा केलेला गंध टाळूतील जेकबसनच्या इंद्रियापर्यंत पोहोचतो. ऊब आणि उंदराचा वास एकत्र आले की त्याच्या लेखी ते भक्ष्य ठरते. उंदीर हाताळून हात न धुता काचपेटीत घातला, तर चूक सापाची म्हणता येत नाही. अशा दंशात साप पकड सोडत नाही, उलट हाताभोवती विळखे घालू लागतो. पेटीचे झाकण केवळ खाऊ घालण्यासाठीच उघडण्याची सवय असेल, तर झाकण उघडताच साप झेपावण्याच्या तयारीत येतो. यावर उपाय सोपा आहे. हात साबणाने धुवावेत, भक्ष्य लांब चिमट्याने द्यावे आणि इतर वेळी सापाला उचलण्यापूर्वी हुकाने किंवा कागदाच्या गुंडाळीने अंगावर हलकेच स्पर्श करावा. हा स्पर्श म्हणजे जेवण नव्हे, हे साप थोड्याच दिवसांत ओळखू लागतो.

भीतीचा दंश याच्या अगदी उलट असतो. साप विजेच्या वेगाने झेपावतो, दात लावतो आणि लगेच मागे हटतो. त्याआधी तो बहुधा इशारे देतो. मान नागमोडी आखडून मागे घेणे, श्वास जोरजोरात घेणे, फूत्कार टाकणे, डोके अंगाखाली दडविणे ही त्याची भाषा आहे. कॉर्न स्नेक शेपटीचे टोक थरथरवतो. दंश हा या क्रमातील शेवटचा उपाय असतो. 'काहीही कारण नसताना चावला' अशी जी तक्रार ऐकू येते, तिच्यामागे पुष्कळदा न वाचलेल्या इशाऱ्यांची मालिका असते.

ताणाचे मूळ पेटीतच

पाळीव सापावर ताण येण्याची कारणे मालकाला क्षुल्लक वाटतील अशीच असतात. चारही बाजूंनी उघडी काचपेटी आणि आत दडायला एकही जागा नाही, ही सर्वांत नेहमीची चूक. बॉल पायथन आफ्रिकेत दिवसाचा बराच काळ उंदरांच्या बिळांत किंवा वारुळांत काढतो. त्याला उजेडात, माणसांच्या सततच्या वावरात ठेवणे म्हणजे रोज शत्रूसमोर उभे करण्यासारखे आहे. ध्वनिवर्धकाची किंवा धुलाईयंत्राची कंपने त्याला जमिनीतून, जबड्याच्या हाडांवाटे जाणवतात. पेटीसमोर टक लावून बसणारे मांजरही पुरेसे असते. नव्याने आणलेल्या सापाला पहिला आठवडा-दोन आठवडे अजिबात हाताळू नये, असे जाणकार सांगतात. पण नवा साप मित्रांना दाखविण्याचा मोह नेमका याच दिवसांत आवरत नाही. खाल्ल्यानंतरच्या दोन दिवसांत उचलल्यास साप भक्ष्य ओकून टाकू शकतो आणि तो प्रकार त्याच्या शरीराला बराच महागात पडतो.

ताण ही केवळ मनाची अवस्था नव्हे. सरपटणाऱ्या प्राण्यांत ताणाच्या काळी कॉर्टिकोस्टेरॉन हे संप्रेरक वाढते. ते दीर्घकाळ वाढलेले राहिल्यास रोगप्रतिकारशक्ती खालावते, भूक मंदावते. मग आजार जडतो, आजारामुळे ताण आणखी वाढतो आणि या चक्रात सापडलेला साप हात दिसताच चावण्याच्या पवित्र्यात येतो.

तापमानाचा प्रश्न याहूनही मूलभूत आहे. साप स्वतःच्या शरीरात उष्णता निर्माण करून टिकवू शकत नाही. बॉल पायथनच्या पेटीत एका टोकाला सुमारे ३१ ते ३३ अंश सेल्सिअस आणि दुसऱ्या टोकाला सुमारे २५ ते २७ अंश तापमान असावे लागते, म्हणजे तो गरजेप्रमाणे जागा बदलू शकतो. पेटी फार थंड असेल तर स्नायू मंदावतात आणि पळून जाण्याचा मार्ग बंद होतो. ज्याला पळता येत नाही, त्याच्याजवळ प्रतिकार करणे एवढेच उरते. अगामा कुळातील सरड्यांवरील १९८२ च्या एका प्रसिद्ध अभ्यासात हेच दिसले. उबदार सरडे पळून जात, तर थंड पडलेले सरडे जागीच थांबून तोंड उघडून अंगावर येत. साप आणि सरडे निराळे असले, तरी शीतरक्ताच्या प्राण्याची अडचण यातून नीट समजते.

शरीर दुखते तेव्हा

कात टाकण्याचा काळ हा आजार नव्हे, परंतु साप तेव्हा चिडचिडा होतो हे खरे. जुन्या व नव्या त्वचेच्या मध्ये द्रव साचतो, अंगाचा रंग फिका पडतो आणि डोळ्यांवरील पारदर्शक कवच निळसर-दुधी होते. त्या चार-सहा दिवसांत सापाला अंधुक दिसते. समोर हलणारी आकृती मालकाची की शत्रूची, हे त्याला ठरविता येत नाही. पेटीत आर्द्रता कमी असेल तर कात तुकड्यातुकड्यांनी निघते आणि डोळ्यांवरील कवच तसेच चिकटून राहते. ते चिमट्याने ओढून काढण्याचा प्रयत्न घरी कधीही करू नये, त्यात डोळा गमावण्याचा धोका असतो.

सापांच्या अंगावर होणारी 'स्नेक माइट' नावाची काळसर, मोहरीहूनही लहान परजीवी कीड रक्त शोषते. तिचा उपद्रव डोळ्यांच्या कडांना व हनुवटीखालच्या घडीत अधिक असतो. असा साप तासन्‌तास पाण्याच्या भांड्यात बसून राहतो आणि स्पर्श झाला की दचकतो. पाण्यात बुडून मेलेले काळे ठिपके ही तिची हमखास खूण. तोंडातील हिरड्यांचा संसर्ग हाही असाच छुपा त्रास आहे. हिरड्या सुजतात, पिवळसर पू धरतो, तोंड नीट मिटत नाही. अशा वेळी डोक्याजवळचा साधा स्पर्शही असह्य होतो. पोटाकडचे भाजणे तर अनेकदा मालकाच्या ध्यानातच येत नाही. तापलेल्या पृष्ठभागावरून साप वेळेवर बाजूला होतोच असे नाही. त्यामुळे थर्मोस्टॅट न जोडलेली हीट मॅट किंवा विजेवर तापणारा कृत्रिम दगड पोटाचे खवले जाळून टाकतो. उचलताना हाताचा आधार नेमका त्याच जागी पडतो आणि साप चावतो.

श्वसनसंस्थेच्या संसर्गाकडे विशेष लक्ष द्यावे लागते. सापाला श्वासपटल नसल्याने माणसासारखे खोकून कफ बाहेर टाकता येत नाही. म्हणून साध्या सर्दीसारखे वाटणारे दुखणे फुप्फुसात साचत जाते. तोंड उघडे ठेवून श्वास घेणे, मान उंच धरून बसणे, घरघर, नाकपुडीशी बुडबुडे ही लक्षणे दिसली की थांबू नये. बॉल पायथनमधील अशा एका गंभीर श्वसनरोगाचा संबंध २०१४ मध्ये निडोव्हायरस गटातील विषाणूशी जोडला गेला. बोआ व पायथन यांना होणारा 'इन्क्लुजन बॉडी डिसीज' हा याहून भयंकर आहे. त्यात पायथनच्या मज्जासंस्थेवर आघात होतो, मान आकाशाकडे वळून राहते, उलटा केल्यास साप सुलटा होऊ शकत नाही आणि त्याच्या हालचालींवरील ताबा सुटतो. अशा सापाचा दंश रागाचा नसतो, भीतीचाही नसतो.

याच संदर्भात 'स्पायडर' या रंगछटेच्या बॉल पायथनचा उल्लेख आवश्यक आहे. आकर्षक जाळीदार नक्षीसाठी पैदास केलेल्या या सापांत अंतर्कर्णाची रचना सदोष असते. डोके डुलते, तोल जातो, भक्ष्यावर घातलेली झेप चुकते. चिमट्यातील उंदराऐवजी त्याच्या मागची बोटे तोंडात आली तर तो दोष उपजत आहे. केवळ नक्षीच्या सौंदर्यापायी एखाद्या प्राण्याला जन्मभर असा तोल गमावलेला ठेवावा का, हा प्रश्न विकत घेणाऱ्यानेही स्वतःला विचारायला हवा. ब्रिटनमधील इंटरनॅशनल हर्पेटॉलॉजिकल सोसायटीने आपल्या प्रदर्शनांतून या सापांच्या विक्रीवर बंदी घातली आहे.

मादीच्या बाबतीत आणखी एक कारण संभवते. बॉल पायथनची मादी अंडी घातल्यावर सुमारे दोन महिने त्यांच्याभोवती वेटोळे घालून बसते आणि त्या काळात बहुधा काहीही खात नाही. तिचे तेव्हाचे चावणे स्वाभाविकच आहे. मात्र अंडी अडकून राहिली असतील, पोट फुगलेले व साप अस्वस्थ असेल, तर ती तातडीची वैद्यकीय बाब ठरते.

कोकणपट्टीतला पावसाळा

परदेशी पुस्तकांतील सूचना गोव्यात जशाच्या तशा लागू पडत नाहीत. थंड, कोरड्या देशांतील पालकाला आर्द्रता वाढविण्याची चिंता असते. येथे जून ते सप्टेंबर हवेतच इतका दमटपणा असतो की अडचण नेमकी उलटी होते. पेटीतील भुसा वा कागद ओला राहतो, बुरशी धरते, पोटाच्या खवल्यांखाली फोड येतात. त्यातच रात्रभर वातानुकूलित खोलीत पेटी राहिली, किंवा पावसात वीज गेल्याने हीट मॅट बंद पडली, तर दमटपणा आणि गारवा एकत्र येऊन श्वसनसंसर्गाला आमंत्रण मिळते. पावसाळ्यात आच्छादन लवकर लवकर बदलणे, पेटीला हवेची आडवी वाट ठेवणे आणि तापमापक व आर्द्रतामापक रोज पाहणे एवढे केले तरी निम्मे दुखणे टळते. पावसाळ्यात चिडचिडा झालेला साप 'ऋतूमुळे असा वागतो' असे मानून सोडून देऊ नये.

चावल्यानंतर

बिनविषारी सापाचे दात आत वळलेले असतात. त्यामुळे हात झटक्याने मागे खेचल्यास जखम फाटते, सापाचे दात तुटून मांसात राहतात आणि त्याच्या तोंडालाही इजा होते. पकड सुटत नसेल तर साप व हात थंड वाहत्या पाण्याखाली धरावा आणि डोके मागे न ओढता किंचित पुढे ढकलावे. बहुधा तेवढ्याने तो सोडतो. जखम साबणाने भरपूर धुवावी, आत दात राहिला आहे का ते पाहावे आणि धनुर्वाताच्या लसीविषयी डॉक्टरांना विचारावे. सूज, लाली किंवा ताप वाढत गेल्यास विलंब करू नये. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला जिवाणू असू शकतात, म्हणून पाच वर्षांखालील मुले, गर्भवती स्त्रिया व वृद्ध यांना सापापासून दूर ठेवणेच इष्ट. चावणारा साप पाळीव नसून बाहेरून घरात आलेला असेल, किंवा त्याच्या जातीविषयी तिळमात्र शंका असेल, तर वरीलपैकी काहीही न करता थेट रुग्णालय गाठावे.

दात काढलेला नाग निरुपद्रवी असतो हा गैरसमजही येथेच दूर व्हावा. गारुडी विषदंत उपटतात, तरी त्यांच्यामागे पर्यायी दात तयार होत असतात आणि काही आठवड्यांत ते जागेवर येतात. शिवाय उपटलेल्या जागी जंतुसंसर्ग होऊन तो नाग उपासमारीने खंगत मरतो. दुखऱ्या तोंडाचा, भुकेला आणि पुन्हा विषारी झालेला साप गर्दीत फिरविणे किती धोक्याचे आहे, हे वेगळे सांगायला नको.

पाळीव साप चावल्यानंतर मालकाने त्याला शिक्षा म्हणून उपाशी ठेवणे किंवा 'सवय मोडावी' म्हणून मुद्दाम वारंवार हाताळणे, दोन्ही निरर्थक व क्रूर आहेत. त्याऐवजी त्या दिवसाची नोंद करावी. शेवटचे भक्ष्य कधी घेतले, विष्ठा कशी आहे, वजन किती, कात कधी टाकली, पेटीचे दोन्ही टोकांचे तापमान किती, हे लिहून ठेवावे. कारण पेटीत सापडले नाही आणि वागणे आठवडाभरात पूर्ववत झाले नाही, तर ही नोंद घेऊन सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्याकडे जावे. घरात इतर साप असतील तर आजारी सापाला दुसऱ्या खोलीत ठेवावे आणि नवा साप आणल्यावर त्यालाही दोन-तीन महिने वेगळेच राखावे.

पशुवैद्याकडे जाण्यास काही मालक कागदपत्रांच्या भीतीने कचरतात. बॉल पायथन हा आंतरराष्ट्रीय साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टातील प्राणी आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर वन्यजीव कायद्यात अशा जिवंत प्राण्यांच्या नोंदणीची तरतूद झाली आणि त्यासंबंधीचे नियम केंद्र सरकारने २०२४ मध्ये लागू केले. नोंदणी 'परिवेश' या संकेतस्थळावरून राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडे होते. हस्तांतर, प्रजनन व मृत्यू यांचीही माहिती द्यावी लागते. कागद नसलेला साप घेणे म्हणजे तस्करीला हातभार लावणे. शिवाय पोत्यांतून व प्लास्टिकच्या डब्यांतून, भुकेने व तहानेने अर्धमेला होऊन आलेला असा साप पहिल्या दिवसापासूनच आजारी असण्याची आणि म्हणून चावण्याची शक्यता सर्वाधिक असते.