लाटेवर उभी राहिलेली मुलगी

आमचा हिंगोली जिल्हा म्हणजे पाणी म्हटलं की विहीर, कयाधू आणि सिद्धेश्वर-इसापूरची धरणं. समुद्र चारशे किलोमीटरहून दूर. इथे बसून सर्फिंगवर लिहिणं जरा अतिच होतंय म्हणा! पण मंडळी, विषय नुसत्या लाटांचा नाही.

आपल्याकडे पोराच्या पाठीला भोपळा नाहीतर डबा बांधून त्याला विहिरीत ढकलतात. दोन उन्हाळ्यांत गडी पट्टीचा पोहणारा! मुली मात्र काठावर, भावांचे कपडे सांभाळत. पोरगी काळवंडेल, लोक काय म्हणतील... कारणं तीच.

इशिता मालवीय मुंबईत वाढली. महाराष्ट्राला सातशे किलोमीटरहून जास्त किनारा आहे, पण लाटेवर उभं राहायला ती शिकली कर्नाटकात. मणिपालला पत्रकारिता शिकत असताना, २००७ मध्ये, तिथे आलेल्या एका जर्मन विद्यार्थ्याकडे सर्फबोर्ड दिसला. त्या धाग्यावरून ती आणि तिचा मित्र तुषार पाथियान मुल्कीच्या आश्रमात पोचले. तिथे जॅक हेबनर हे मूळचे अमेरिकन स्वामी २००४ पासून ‘मंत्र सर्फ क्लब’ चालवत होते.

सर्फिंग दिसतं सोपं. प्रत्यक्षात फळीवर पालथं पडून हातांनी पाणी मारत लाटेइतका वेग गाठायचा आणि ती उचलू लागली की क्षणात उभं राहायचं. जरा उशीर झाला की लाट निघून जाते, घाई केली की तोंडावर आपटायचं.

पुढे दोघांनी ‘शाका सर्फ क्लब’ काढला आणि कोडी बेंग्रे या मासेमारी करणाऱ्या गावात मुलांना शिकवायला लागले. समुद्रावर पोट असलेल्या घरांतही समुद्राची भीती असते. तिथली मुलं पाण्यात खेळायला लागली, हे मला जास्त मोलाचं वाटतं. इशिता आज भारताची पहिली व्यावसायिक महिला सर्फर म्हणून ओळखली जाते.

त्यानंतर बरंच घडलं. टोकियो ऑलिंपिकमध्ये, २०२१ साली, सर्फिंग पहिल्यांदा आलं. २०२५ मध्ये महाबलीपुरमच्या आशियाई स्पर्धेत रमेश बुदिहालने कांस्य जिंकलं. पदकांची नोंद होतेच. पण एखादी मुलगी पाण्यात उतरली आणि तिला पाहून दुसऱ्या घरची आई ‘जा’ म्हणाली, याची नोंद कोण ठेवणार?

असो. हे वाचणाऱ्या आत्या, मावश्या, वहिन्यांना एकच विचारतो... तुमच्यापैकी किती जणींना पोहता येतं? आणि तुमच्या लेकींना?