खाडीच्या पाण्यातील प्राणवायू आणि चारचा आकडा

भाट्ये म्हटले की बाहेरगावच्या माणसाला सुरूचे बन आणि 1955 साली सुरू झालेले नारळ संशोधन केंद्र आठवते. आपल्या रत्नागिरीकरांना आधी आठवते ती खाडी. काजळी नदी येथे समुद्राला मिळते. अलीकडे राजिवडा, पलीकडे भाट्ये. येथील मासळीवर कित्येक घरांची चूल पेटत आली आहे, आणि मासळी जगते ती पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूवर. तो दिसत नाही, त्याला वास नाही. मग मोजायचा कसा? अकरावीची मुले ज्या प्रकरणाला सर्वांत जास्त कंटाळतात, त्या रेडॉक्स समीकरणांत याचे उत्तर आहे.

1888 साली बुडापेस्टच्या लायोश विंक्लर या पंचविशीतल्या रसायनशास्त्रज्ञाने ही रीत प्रसिद्ध केली. तिची सामग्री आधीच जमत आली होती. समुद्री शेवाळाच्या राखेतून 1811 साली फ्रान्समध्ये कुर्त्वाला आयोडीन सापडले. आयोडीन थायोसल्फेटने मोजण्याची युक्ती 1853 साली श्वार्त्झने दिली. विंक्लरने त्यांना मँगनीजची जोड दिली.

रीत मोठी नामी आहे. बुडबुडा न राहू देता बाटली भरायची आणि होडीतच तिच्यात मँगनीज सल्फेट व अल्कयुक्त आयोडाइड घालायचे. प्राणवायू मँगनीजला चिकटून तपकिरी साका बसतो. साका पांढराच राहिला तर पाण्यात प्राणवायू नाही असे समजावे. पुढे प्रयोगशाळेत आम्ल घातले की मँगनीज आयोडीन मोकळे करते. स्टार्चचा निळा रंग जाईपर्यंत ब्युरेटमधून थायोसल्फेट सोडायचे. प्राणवायू बाटलीतच बांधला गेल्याने वाटेत हिशोब बिघडत नाही.

आता संतुलनाचा प्रश्न. प्राणवायूचा एक रेणू चार इलेक्ट्रॉन घेतो. थायोसल्फेटचा प्रत्येक आयन एकच देतो. म्हणून एकास चार. गंमत अशी, की विंक्लरच्या वेळी इलेक्ट्रॉन कोणाला ठाऊकच नव्हता. थॉमसनने तो 1897 साली दाखवला. त्या काळचे लोक सममूल्य भारांनी हिशोब करीत: 8 भाग प्राणवायूला 127 भाग आयोडीन. उत्तर तेच येई. इलेक्ट्रॉन मोजून अर्ध-अभिक्रिया लिहिण्याची पद्धत विसाव्या शतकातली आहे, आणि माझ्या मते शिकणाऱ्याला तीच सोपी.

समजा, 200 मिलिलिटर नमुन्याला 0.025 मोलर थायोसल्फेट 5.6 मिलिलिटर लागले. एकास चार धरले तर लिटरला 5.6 मिलिग्रॅम प्राणवायू निघतो. मासळीला साधारणपणे 5 च्या वरचे पाणी बरे मानतात, तेव्हा काळजी नाही. एखाद्याने घाईत एकास दोन धरले तर उत्तर 11.2 येईल. पण 28 अंश तपमानाला गोडे पाणीसुद्धा हवेतून सुमारे 7.8 च मिलिग्रॅम धरू शकते, खारे त्याहून कमी. अशी चूक कोलंबीच्या तळ्यावर झाली तर खरा आकडा 3 असताना वहीत 6 लिहिला जाईल. तळ्यातला प्राणवायू पहाटे सर्वांत कमी असतो. त्या वहीवर विसंबून मालक निवांत झोपला, तर सकाळी कोलंबी मेलेली दिसेल.

आज प्राणवायू मोजायला विजेवर चालणारे मीटर मिळतात. मात्र तो मीटर खरे सांगतो की नाही, हे तपासायला अजूनही विंक्लरचीच बाटली भरतात.