एंजिनाचा श्वास

गेल्या दिवाळीच्या सुटींत आमचा पुतण्या आपली टर्बोचार्जर असलेली पेट्रोल-मोटार घेऊन घरीं आला होता. दुसऱ्याच दिवशीं सकाळीं अंगणांत त्यानें तिचें बॉनेट उघडलें, हवेच्या वाटेवरची मूळची काळी प्लॅस्टिकची पेटी काढून बाजूला ठेवली आणि तिच्या जागीं बाजारांतून आणलेली चकचकीत ॲल्युमिनियमची नळी व शंकूच्या आकाराची तांबडी गाळणी बसविली. तासाभरांत काम आटोपलें. एंजिन सुरू होतांच पूर्वीं कधीं न ऐकलेला एक खोल हुंकार उमटला, आणि "काका, आतां ही मोकळा श्वास घेते!" असे उद्गार त्याच्या तोंडून निघाले. मला मात्र त्या काढून ठेवलेल्या पेटीची कींव आली. तिच्यामागें शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे, आणि तो ऐकल्याशिवाय तिला अडगळींत टाकणें न्यायाचें नव्हे.

एंजिन इंधनावर चालतें ही आपली नेहमींची समजूत. वस्तुतः एक किलो पेट्रोल पुरतें जळावयास सुमारें पंधरा किलो हवा लागते. पेट्रोल हवें तितकें सोडतां येतें; अडतें तें हवेपाशीं. दट्ट्या खालीं जातांना जेवढी हवा ओढून घेईल तेवढ्यावरच साध्या एंजिनाला भागवावें लागतें. हें बंधन तोडण्याची एक युक्ति स्वित्झर्लंडमधील विंटरटूर येथील आल्फ्रेड ब्यूखी ह्या एंजिनिअरानें काढली व १९०५ सालीं तिचें पेटंट घेतलें. एंजिनांतून बाहेर पडणारा तप्त धूर आपल्याबरोबर पुष्कळशी शक्ति फुकट नेतो. त्या धुराच्या जोरावर एक चक्र फिरवावें, त्याच दांड्यावर दुसरें चक्र बसवावें आणि त्या दुसऱ्यानें बाहेरची हवा दाबून एंजिनांत भरावी, अशी ती योजना. कागदावर ती सोपी दिसते. पण तिला व्यवहारांत मोठें यश येण्यास वीस वर्षें लागलीं. 'प्रॉयसेन' व 'हान्झेश्टाट डान्झिग' ह्या दोन जर्मन प्रवासी जहाजांच्या डिझेल एंजिनांना १९२० नंतरच्या दशकांत ही जोड मिळाली, तेव्हां १७५० अश्वशक्तीचें एंजिन २५०० अश्वशक्ति देऊं लागलें.

मध्यंतरीं विमानांनीं हाच प्रश्न दुसऱ्या बाजूनें उभा केला होता. उंचावर हवा विरळ होते आणि डोंगर चढणाऱ्या माणसाप्रमाणें एंजिनही धापा टाकूं लागतें. जनरल इलेक्ट्रिक कंपनीचे सॅनफर्ड मॉस ह्यांनीं १९१८ सालीं 'लिबर्टी' नांवाचें बारा नळकांड्यांचें विमान-एंजिन कोलोरॅडोंतील पाइक्स पीक ह्या १४ हजार फुटांहून उंच शिखरावर नेलें. सखल प्रदेशांत ३५० अश्वशक्ति देणारें तें एंजिन शिखरावर सुमारें २३० वर आलें. टर्बोचार्जर जोडतांच तें ३५६ वर चढलें. एंजिनाचा जोर त्याच्या श्वासांत असतो, ह्याचें याहून स्पष्ट प्रमाण क्वचितच सांपडेल.

परंतु श्वास वाढला म्हणजे काम संपत नाहीं. सायकलला हवा भरतांना पंपाचें टोक तापतें, हा अनुभव सर्वांचाच आहे. दाबलेली हवा तापते; तापलेली हवा पसरते, म्हणजे तेवढ्याच जागेंत वजनानें कमी मावते. शिवाय अतितप्त मिश्रण भलत्याच रीतीनें पेट घेऊन एंजिनाला हादरे देतें. म्हणून कोंबलेली हवा निववावीही लागते. दुसऱ्या महायुद्धांतील अमेरिकन 'पी-४७ थंडरबोल्ट' विमानांत नाकाशीं घेतलेली हवा वैमानिकाच्या बैठकीखालून पार शेंपटीकडे नेत; तेथें ती टर्बोचार्जरनें दाबून, थंड करून पुन्हां नाकाकडच्या एंजिनापर्यंत आणीत. इतका द्राविडी प्राणायाम त्यांनीं हौसेखातर केला नव्हता.

विमानांतली ही विद्या मोटारींत आली ती १९६२ सालीं. त्या वर्षीं अमेरिकेंत निघालेल्या 'ओल्ड्समोबाइल जेटफायर' गाडीचें एंजिन २१५ अश्वशक्तीचें होतें. उष्णतेचा प्रश्न तिच्या कर्त्यांनीं निराळ्या तऱ्हेनें सोडविला होता: पाणी व मेथॅनॉल ह्यांचें मिश्रण एका लहान टांकींतून आंत फवारलें जाई. ही टांकी मालकानें वेळोवेळीं भरावी अशी अपेक्षा होती. बऱ्याच मालकांनीं ती भरली नाहीं. टांकी रिती झाली कीं दाब आपोआप कमी होई आणि गाडी मंदावे. दोन वर्षांत ही गाडी बंद झाली, आणि पुढें कित्येक गाड्यांवरचा टर्बोचार्जर काढून साधा कार्ब्युरेटर बसविण्यांत आला. युक्ति खोटी नव्हती. ती सांभाळण्याचें ओझें ज्याच्यावर टाकलें त्याला तें ठाऊकच नव्हतें, एवढाच दोष.

हवेची खरी किंमत कोणाला कळली असेल तर ती शर्यतींच्या नियामकांना. जागतिक रॅली-स्पर्धेंत टर्बोचार्जरच्या तोंडाशीं ३४ मिलिमीटर व्यासाचें कडें बसविण्याचा नियम होता. सर्व हवा त्या कड्यांतूनच जावी, म्हणजे कोणाचीही शक्ति मर्यादेबाहेर जाऊं नये. १९९५ सालीं स्पेनमधील कॅटलोनियाच्या रॅलींत टोयोटाच्या 'सेलिका' गाड्यांचें हें कडें तपासण्यांत आलें. हवेची नळी आवळली कीं आंतल्या छुप्या स्प्रिंगांमुळें कडें जागचें सरके आणि त्याच्या बाजूनें हवेला चोरवाट मिळे. नळी काढली कीं सारें पूर्ववत्. त्या संघाला वर्षभर स्पर्धेबाहेर राहावें लागलें. कांहीं मिलिमीटरांच्या फटीसाठीं केवढी बुद्धि खर्चीं पडली आणि केवढी अब्रू गेली!

आतां त्या काळ्या पेटीकडे वळूं. ती पुढच्या जाळीजवळची गार हवा घेते, कागदी गाळणीनें धूळ अडविते आणि हवेचा आवाज गिळते. तिच्या तोंडाशीं असलेला मापक आंत जाणारी हवा तोलतो, आणि त्या हिशेबानें गाडीचा संगणक पेट्रोल सोडतो. नळीचा व्यास बदलला तर हें माप चुकतें. मापकापुढचा सांधा सैल राहिला तर मोजणींत न आलेली हवा आंत शिरते. टर्बोचार्जरचा दाबही संगणकच ठरवितो. त्यामुळें गाळणी मोकळी झाली तरी चक्राचे कष्ट थोडे कमी होतात इतकेंच. संगणकाचा हिशेब जुनाच असेल तर शक्तींत फारशी भर पडत नाहीं. हुंकार वाढतो तो पेटी गेल्यामुळें, शक्ति आल्यामुळें नव्हे.

हें सगळें मीं पुतण्याला ऐकविलें. तो हंसून म्हणाला, "काका, मग ब्यूखीनंही जें होतें त्यावर समाधान मानायला हवं होतं कीं!" ह्यावर मला तत्काळ उत्तर सुचलें नाहीं. इतिहासाचा दाखला त्याच्याही बाजूचा होता. कारखान्याची पेटी म्हणजे कांहीं वेदवाक्य नव्हे. किंमत, शांतता आणि शक्ति ह्यांची ती एक तडजोड आहे. फरक असेल तर तो एकच: मॉसनें आपलें एंजिन डोंगरावर नेऊन मोजलें, आणि आमचा पुतण्या कानावर विसंबला होता.

तेव्हां आम्हीं मोजण्याचें ठरविलें. संगणकाला जोडण्याचें एक लहानसें यंत्र त्याच्याजवळ होतें. नव्या गाळणीसह गर्दीच्या रस्त्यावर रेंगाळतांना आंत जाणारी हवा ५८ अंशांवर गेली. बाहेर ३१ अंश होते. जुनी पेटी लावून त्याच रस्त्यावर पाहिलें तर ४१. मोकळ्या रस्त्यावर वेग घेतांच दोहोंतला फरक जवळजवळ नाहींसा झाला. पुतण्या बराच वेळ ते आंकडे पाहत बसला. दुसऱ्या दिवशीं त्यानें गाळणीभोंवतीं पत्र्याचा आडोसा केला आणि पुढच्या जाळीपासून गार हवेची एक वाट तिच्यापर्यंत आणली. पुन्हां मोजलें तेव्हां आंकडा ४४ वर आला होता.

म्हणजे दोन दिवस खपून त्यानें त्या काळ्या पेटीसारखीच एक पेटी स्वतःच्या हातानें बनविली होती, आणि तीही तिच्याहून किंचित् उणी. हें मीं त्याला बोलून दाखविलें नाहीं. जातांना त्यानें जुनी पेटी माझ्याकडे मागितली, फडक्यानें पुसली आणि मागच्या आसनावर जपून ठेवली.