रखमाबाईंचं आडनाव शोधताना

मागच्या महिन्यात एका फेलोशिपचा फॉर्म द्यायला गेले होते. खिडकीतल्या बाईंनी कागद चाळले आणि विचारलं, "मॅडम, ह्या दोन वेगळ्या मुली आहेत का?" पदव्या वडिलांच्या नावानं, २०२२चा पेपर सासरच्या आडनावानं. आता घटस्फोट झालाय आणि थिसिस माहेरच्या नावानं जाणार. मग ॲफिडेविट आणा, राजपत्र आणा, डिक्रीची प्रत आणा. गंमत म्हणजे माझ्या बी.एस्सी.च्या मार्कलिस्टवर 'सोलापूर विद्यापीठ' आहे आणि एम.एस्सी.च्या 'पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ'. २०१९ मध्ये विद्यापीठाचं नाव बदललं, त्याचं ॲफिडेविट कुणी मला मागितलं नाही.

त्या चिडीत मी डॉ. रखमाबाईंबद्दल वाचायला घेतलं. गोष्ट तुम्हाला माहीत असेल. अकराव्या वर्षी लग्न, पण त्या नांदायला गेल्या नाहीत. १८८४ मध्ये नवऱ्यानं दावा लावला. १८८५ मध्ये न्या. पिन्ही यांनी निकाल रखमाबाईंच्या बाजूनं दिला, अपिलात तो फिरला आणि मार्च १८८७ मध्ये हुकूम झाला: नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. शेवटी १८८८ मध्ये दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी हक्क सोडला. नीट बघा, हा कायद्यानं घटस्फोट नव्हेच. उच्चवर्णीय हिंदूंना तेव्हा तो मिळतच नव्हता. काडीमोड, फारकत ही बऱ्याच जातींतली रीत होती, पण ती पंचांपुढची.

आता खटल्याचं नाव पाहा: 'दादाजी भिकाजी विरुद्ध रखमाबाई'. आडनाव दोघांनाही नाही. सावत्र वडील डॉक्टर आणि वनस्पतींचे जाणकार, बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संस्थापकांपैकी एक. त्यांचंही नाव छापलेलं सापडतं ते 'सखाराम अर्जुन' असं. 'राऊत' हे त्यांचं आडनाव. २०१७च्या गुगल डूडलवर मात्र 'रखमाबाई राऊत' झळकल्या! जन्मदाते वडील जनार्दन पांडुरंग. म्हणजे नवऱ्याचं नाव सुटलं आणि नंतरच्या लोकांनी सावत्र वडिलांचं चिकटवलं. स्वतः त्या 'रखमाबाई' एवढंच लिहीत. त्या नावानंच लंडनला शिकल्या, सुरतेला डॉक्टर म्हणून राहिल्या.

मला इथे थांबावंसं वाटलं. आपण 'मूळ नावावर परत जाते' म्हणतो, ते मूळ कुठलं? आपल्याकडे लग्नात पहिलं नावसुद्धा ताटातल्या तांदळावर बदलतात. माझंही बदललं होतं, फक्त कागदावर चढलं नाही, एवढंच नशीब.

१९४७चा मुंबई प्रांताचा घटस्फोट कायदा आला, १९५५चा हिंदू विवाह कायदा आला. बायकोनं नंतर कुठलं नाव लावावं याबद्दल १९५५चा कायदा काहीच बोलत नाही. नाव बदलणं ही रूढी होती, पण रूढी सोडताना पुरावा मात्र सरकारी लागतो. बऱ्याच उशिरा मुंबई उच्च न्यायालयानं कौटुंबिक न्यायालयांच्या नियमांत दुरुस्ती केली: दावा लावताना बाईवर नवऱ्याच्याच नावाची सक्ती नाही.

आपल्या कामाचं एक उदाहरण देते. कमला सोहोनींनी वनस्पतींतल्या सायटोक्रोम सी वर केंब्रिजला पीएच.डी. केली, १९३९ मध्ये, पण 'भागवत' नावानं. लग्न १९४७चं. डेटाबेसमध्ये नुसतं 'सोहोनी' टाकलंत तर नीरेवरचं काम मिळेल, बटाट्याचं निसटेल. त्यामुळे जुन्या काळातल्या संशोधक बाई शोधताना आधी लग्नाचं साल शोधा आणि दोन्ही आडनावं टाका. माझ्या गाईडनं हे मला पहिल्या वर्षी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

तुमच्यापैकी कुणाचं असं काही चालू असेल तर पहिला पेपर पाठवण्याआधी ऑर्किड आयडी काढा. त्यात दुसरी नावंही नोंदवता येतात. २०२० पासून अमेरिकन केमिकल सोसायटीसारखे काही प्रकाशक छापलेल्या पेपरवरचं नावही बदलून देतात. ही मागणी मुख्यतः ट्रान्स संशोधकांनी लावून धरली, फायदा आपल्यालाही झाला.

मी २०२२चा पेपर बदलून घेतलेला नाही. लॅबमध्ये रात्री बसून तो लिहिला तेव्हा दारावर तेच नाव होतं. ऑर्किडवर दोन्ही नावं टाकलीत. राजपत्राचा अर्ज भरलाय. फॉर्मवर 'नाव बदलण्याचं कारण' असा रकाना आहे, त्यात मी 'घटस्फोट' एवढंच लिहिलं.