सावता माळ्यांच्या मळ्यातली मिरची

श्रोतेहो, आश्विन महिना हे मळेकऱ्याचे नवे वर्षच म्हणायचे. घटस्थापनेला देवापुढे पत्रावळीवर माती पसरून आपण धान्य पेरतो आणि दसऱ्याला त्याचे कोंब टोपीत, पागोट्यात खोवतो. त्याच सुमारास, म्हणजे २७ सप्टेंबरच्या आसपास, सूर्य हस्त नक्षत्रात येतो. हत्तीचा पाऊस पडून गेला, जमीन वापशावर आली, की कामाला तोंड फुटते. माजलेले तण उपटायचे, माती खणून उन्हे खाऊ द्यायची, कुजलेले शेणखत मिसळायचे, पाट नीट करून वाफे बांधायचे. मग चित्रा-स्वातीच्या दिवसांत मुळा, मेथी पेरायची, लसणीच्या पाकळ्या टोचायच्या, कांद्याचे रोप टाकायचे. कोथिंबिरीसाठी धने आख्खे पेरू नयेत. वहाणेखाली हलके रगडून त्यांची दोन दले करावीत. हे मी पुस्तकात वाचलेले नाही, आमच्या आजीकडून शिकलो.

ही कामांची यादी किती जुनी असेल? तिची एक साक्ष आपल्या सर्वांच्या तोंडी आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या अरणचे सावता माळी शके १२१७ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९५ साली समाधिस्त झाले. आपल्या मळ्यातल्या भाजीपाल्यातच त्यांना विठ्ठल दिसला, तो त्यांचा अभंग आपण भजनात म्हणतो. त्यात कांदा आहे, मुळा आहे, लसूण आणि कोथिंबीर आहे. पाण्याची मोट आहे, विहीर आहे, दोर आहे. आता माळ्याच्या नजरेने पाहा. त्यात दोडका नाही, भेंडी नाही, काकडी नाही. पावसावर येणारे काहीच नाही. पाऊस सरल्यावर मोटेच्या पाण्यावर करायचा हा मळा आहे. मोट आता बहुतेक ठिकाणी गेली, विजेचे पंप आले. पण वाफ्यातली मंडळी तीच आहेत.

एक पाहुणी मात्र वेगळी आहे, ती म्हणजे मिरची. तीही त्या अभंगात आहे, आणि इथे आम्हा इतिहासवाल्यांची पंचाईत होते. मिरचीचे मूळ घर अमेरिका खंडात. कोलंबस तिकडे पोचला १४९२ साली, वास्को द गामा कालिकतला उतरला १४९८ साली, पोर्तुगीजांनी गोवा घेतला १५१० साली. मिरची आपल्या किनाऱ्यावर आली ती त्यानंतर. मग सव्वादोनशे वर्षे आधीच्या अरणच्या मळ्यात ती आली कुठून?

एका गावी मी हे बोललो, तेव्हा एक वयस्कर माळकरी उठून म्हणाले, "मास्तर, म्हंजे सावताबाबा खोटे?" सभा गप्प झाली. मीही क्षणभर गप्प झालो, खोटे कशाला सांगू.

कोणी म्हणतात, त्या शब्दाचा अर्थ मिरी असा घ्यावा. मिरचीला नाव मिऱ्यावरूनच मिळाले, हे खरे. पण मिऱ्याचा वेल दमट हवेचा. तो अरणच्या कोरड्या रानात कसा वाढणार? मला दुसरेच खरे वाटते. अभंग कागदापेक्षा गळ्यात जास्त टिकले. नवे पीक वाफ्यात आले, स्वयंपाकात आले आणि केव्हातरी एखाद्या भजनकऱ्याच्या तोंडून अभंगातही शिरले. बटाटा, कोबी यांची तर नावेही पोर्तुगिजांकडून आली आणि त्यांनीही आपल्या नक्षत्रांच्या पंचांगात मुकाट्याने जागा घेतली. त्या आजोबांना मी एवढेच म्हणालो, "बाबा खोटे नाहीत. त्यांच्या मळ्यात मागाहून आलेल्या कोणीतरी एक रोप लावले." ते हसले. पटले की नाही, देव जाणे.

शिक्षकबंधूंनो, शाळेमागे थोडी जागा असली तर दसऱ्यानंतर चार वाफे बांधा: कांदा, मुळा, लसूण, कोथिंबीर. पाचव्यात मिरची लावा आणि ती निराळी का, हे आधी सांगू नका. मुलांनाच विचारू द्या. लसूण चार-पाच महिने घेईल, कांद्याचे रोप दीड-दोन महिन्यांनी उपटून पुन्हा लावावे लागेल. मुळा मात्र दीड महिन्यात हाती येतो, तेव्हा धीर सुटणाऱ्या पोरांना त्या वाफ्यावर नेमा.