मोजणी आणि कुलूप यांच्यामधला क्षण

जिंतूर तालुक्यात पूर्णा नदीवर येलदरीचं धरण आहे. समजा, दरवाजे उघडण्याआधी एक जण नदीचं पात्र पाहून आला. कुणी नव्हतं. तो परत वर पोचेपर्यंत कुणीतरी गुरं घेऊन पात्रात उतरलं. ‘पात्र रिकामं आहे’ ही त्याची खबर खोटी नव्हती, शिळी होती. पण पाण्याला हा फरक कळत नाही.

कॉम्प्युटरलाही हीच शिळी खबर गेली कित्येक दशकं छळते आहे.

१९६० साली जॉर्ज कॉलिन्स यांनी एक साधी युक्ती मांडली. मेमरीचा एकच तुकडा अनेक जण वापरत असतील, तर त्यावर आकडा ठेवा. नवा वापरणारा आला की एक वाढवा, गेला की एक कमी करा. शून्य झालं की तुकडा मोकळा.

एकाच वेळी अनेक कामं चालू झाली आणि हिशोब बिघडू लागला. आकडा २ आहे. दोघं नवे एकदमच आले, दोघांनीही २ वाचला, दोघांनीही ३ लिहिला. खरे वापरणारे चार! तिघं निघून गेले की आकडा शून्य होतो आणि चौथ्याच्या पायाखालची जमीन दुसऱ्याला दिली जाते. यालाच रेस कंडिशन म्हणतात. ‘एका वेळी एकानेच आत जायचं’ हा नियम कसा पाळायचा, याचं उत्तर डाइक्स्ट्रा यांनी १९६५ साली दिलं.

१९७८ साली इंटेलच्या मे आणि वुड्स यांनी आणखी एक धक्का दिला. चिपच्या वेष्टनातल्या युरेनियम-थोरियमच्या अंशांतून निघणारे अल्फा कण मेमरीतला ० चा १ करू शकतात. म्हणजे मेमरी स्वतःच दगा देऊ शकते.

२००९ च्या अखेरीस लिनक्सच्या २.६.३२ आवृत्तीत यावर ‘एचडब्ल्यू-पॉइझन’ ही सोय आली. हार्डवेअरने मेमरीचं एखादं पान खराब झाल्याचं सांगितलं, की ते बाजूला काढायचं. डिस्कवर त्याची चांगली प्रत असेल तर तिथून पुन्हा वाचता येतं. नसेल, तर ते पान वापरणारा प्रोग्राम थांबवायचा. सगळं मशीन नाही.

पण ते पान कुणाचं, हे पाहता पाहताच मालक बदलला तर? भलताच प्रोग्राम मरेल, किंवा विषारी पान नव्याच्या हाती जाईल.

म्हणून ‘शून्य नसेल तरच एक वाढव’ हे पाहणं आणि वाढवणं एकाच अखंड क्रियेत होतं. मग पानाला कुलूप. आणि कुलूप लावल्यावर पुन्हा एकदा पाहायचं: हे तेच पान आहे ना?

तुमच्या अँड्रॉइड फोनच्या तळाशीही लिनक्सच आहे. मेमरीची पानं मोजण्याचं काम तिथेही अखंड चालू असतं. धरणावरच्या माणसानेही हेच करावं: आधी पात्राची वाट अडवावी, मग पुन्हा पाहावं आणि त्यानंतरच दरवाजाला हात लावावा.