सुई गेली, तूप राहिलं

निवळीचं बी शर्टाच्या बटणाएवढं असतं. चपटं, गोल, अंगावर बारीक चकचकीत लव. झाड काजऱ्याच्या, म्हणजे कुचल्याच्या कुळातलं, पण हे भावंड विषारी नाही. विदर्भातल्या पानगळीच्या जंगलांत ते वाढतं. पावसाळ्यात नाल्याचं पाणी काळ्या मातीनं गढूळ झालं की हे बी माठाच्या आतल्या अंगाला घासायचं आणि वरून पाणी ओतायचं. बियातला चिकट अंश मातीच्या कणांना एकमेकांशी बांधतो, कण जड होऊन तळाला बसतात आणि वरचं पाणी नितळ होतं. सुश्रुतसंहितेत गढूळ पाणी स्वच्छ करणाऱ्या सात वस्तू दिल्या आहेत. त्यांत कापड आहे, मोती आहे, आणि सगळ्यांत पहिला मान कतकाला, म्हणजे आपल्या निवळीला.

आणि हेच बी डोळ्यातही गेलं. शार्ङ्गधरसंहितेत ते मधात उगाळून, किंचित कापूर घालून डोळ्यात आंजायला सांगितलं आहे. सोळाव्या शतकातल्या भावप्रकाशात तर निवळीचे दोन गुण एका दमात येतात: डोळ्यांना हितकर आणि पाणी निर्मळ करणारी. म्हातारपणी डोळ्यात धुकं उतरतं, बुबुळामागे राखाडी-पांढरं काही दिसू लागतं. ज्यानं माठातला गाळ बसतो त्यानं डोळ्यातलाही बसेल, असं कुणाला तरी वाटलं असणार. मोतीबिंदूवरच्या घरगुती उपायांची सगळी वंशावळ मला तरी याच तर्कातून फुटलेली दिसते. तर्क चुकीचा आहे, पण मूर्खपणाचा नाही.

यवतमाळ जिल्ह्यात आज डोळ्यासाठी निवळी उगाळणारं घर शोधावं लागेल. त्या जागी पळसाचा अर्क आहे, छोट्या मोहळाचा मध आहे, गुलाबपाणी, त्रिफळ्याचं गाळलेलं पाणी, घेटुळीचं मूळ, गाईचं तूप आणि डोळे आले तर लेकुरवाळीचं दूध. यांतला अर्क खास इकडचा, कारण पळस इथे बांधाबांधावर. कोवळी मुळी खणायची, धुऊन तुकडे करायचे, पातेल्यात टाकायचे. मधोमध एक रिकामी वाटी ठेवायची, वर गार पाण्यानं भरलेलं भांडं झाकण म्हणून ठेवायचं आणि कडा कणकेनं लिंपायच्या. आच मंद. वाफ वरच्या गार बुडाला लागते, थेंब होऊन वाटीत पडते. पाहायला सुरेख कृती आहे, आणि ताजा अर्क मधापेक्षा तरी स्वच्छ म्हणावा, कारण तो बहुतांशी वाफेचं पाणीच असतो. पुढे तो जुन्या औषधाच्या बाटलीत भरून देवळीत महिनोन् महिने राहतो. बाटलीचं टोक प्रत्येक वेळी पापणीला टेकतं आणि एकाच बाटलीतून तिघांच्या डोळ्यांत थेंब पडतात. घाण शिरते ती इथे.

आता या घराण्याची हरवलेली शाखा. जुने वैद्य नुसते थेंब घालत बसले नव्हते. सुश्रुतानं दृष्टीच्या रोगाच्या पायऱ्या केल्या आहेत. सुरुवातीच्या तिमिरासाठी तुपं, अंजनं, त्रिफळा, पथ्यं असं भरपूर दिलं आहे. पण लिंगनाश झाला, म्हणजे दृष्टीच गेली, आणि तो कफज असला, तर हाती घ्यायची ती सुई. काळ फार उष्ण नको, फार थंड नको. रोग्याला बसवून धरायचं, त्यानं स्वतःच्या नाकाकडे नजर लावायची. जवाच्या दाण्यासारख्या टोकाची शलाका अंगठा आणि दोन बोटांत स्थिर धरायची. डावा डोळा उजव्या हातानं, उजवा डाव्या हातानं वेधायचा. वेध नीट झाला तर बारीक आवाज होतो आणि पाण्याचा थेंब येतो. त्यावर लगेच बाईच्या दुधाचं सिंचन. काम उरकल्यावर डोळ्याला तूप लावून कापडाची पट्टी. मग उताणं पडून राहायचं. ढेकर, खोकला, शिंक, थुंकणं सगळं बंद. दहा दिवस पथ्य.

दूध आणि तूप इथे शस्त्रक्रियेच्या मदतीला आलेलं आहे. सुई चालवणारे हात कमी झाले आणि त्या हातांभोवतीचं साहित्य तेवढं घराघरांत राहिलं, असं मी समजतो. तिमिराची औषधंही अशीच पुढच्या पायरीवर ओढली गेली. ग्रंथानं जिथे थेंब थांबवून सुई उचलली होती, तिथेही आपण थेंबच घालत राहिलो.

सुई गेली याची हळहळ मात्र नको. तिनं गढूळ भिंग बाहेर निघत नसे, आत खाली ढकललं जाई. वाट मोकळी होऊन माणसाला त्याच दिवशी हाताची बोटं दिसत, आणि तोवर फिरता वैद्य पैसे घेऊन पुढच्या गावी गेलेला असे. नंतर डोळ्यात दाह, ताण, पू. मद्रासला काम केलेल्या रॉबर्ट हेन्री एलियट यांनी 1917 साली लंडनला याच विषयावर व्याख्यानं दिली, आणि त्यांच्यापुढे आलेल्या अशा डोळ्यांची हकिगत वाईट होती. भिंग डोळ्याबाहेर काढण्याची रीत फ्रान्सच्या जाक दाव्हिएलनं 1747 मध्ये सुरू केली. आपल्याकडे तंजावरचे सरफोजीराजे दुसरे (राज्यकाल 1798 ते 1832) यांना या विद्येचा इतका नाद होता की नेत्ररोग्यांच्या नोंदी आणि त्यांच्या डोळ्यांची चित्रं त्यांनी जपून ठेवली. भोसल्यांच्या या शाखेबद्दल आपण नाटकं आणि ग्रंथालय सांगतो, डोळे सांगत नाही.

शस्त्रक्रिया बदलत गेली तरी तिचे दोन नियम गावात टिकून आहेत. एक, मोतीबिंदू पिकू द्यावा. वाग्भटानं नीट तयार झालेला, काही दिसेनासा झालेला लिंगनाशच वेधायला सांगितला होता. विसाव्या शतकातले डॉक्टरही बराच काळ थांबायला सांगत, कारण कच्चं भिंग पूर्ण निघत नसे. 1967 मध्ये चार्ल्स केलमननं ध्वनिलहरींनी भिंग फोडून ओढून घेण्याची रीत काढली आणि पिकण्याची गरज संपली. उलट फार पिकलेला मोतीबिंदू फुगतो, कधी पाझरतो आणि काचबिंदू ओढवतो. पण आर्णी-घाटंजीकडची म्हातारी अजून सांगते, “पिकू दे म्हणे, मंग पाहू.” तिला हे सांगणारा कधीकाळचा डॉक्टरच होता.

दुसरा नियम, उन्हाळ्यात डोळा कापू नये. हाही सुश्रुताच्या ऋतूतला. इथे तो कापसाशी भिडतो. उन्हाळा नको म्हणून हिवाळा धरावा, तर दिवाळीपासून वेचणी लागते. कमरेला ओटी बांधून बोंडातला कापूस काढायला अंधुक नजरेची सासूही चालते, बोटांना बोंड ठाऊक असतं. वेचणी संपते तोवर ऊन तापतं. मृग लागला की पेरणी. असं वर्ष निघून जातं, आणि त्या वर्षभरात घालायला अर्क असतो.

अर्कावरचा विश्वास नुसत्या भाबडेपणावर उभा नाही. पुष्कळ मोतीबिंदूंत भिंगाचा गाभा आधी टणक होतो. टणक भिंग प्रकाश जास्त वळवतं, त्यामुळे दूरचं बिघडतं पण जवळचं काही काळ सुधारतं. पासष्टीची बाई चष्मा काढून ठेवते आणि म्हणते, “बिनचष्म्याची सुई ओवतो मी आता, अर्कानंच फरक पडला.” तिचा अनुभव खरा आहे, श्रेय तेवढं चुकीच्या बाटलीला जातं. ही उसनी नजर रोगाचीच पुढची पायरी आहे, आणि काही काळानं तीही जाते.

भिंग डोळ्याच्या आत, स्वतःच्या आवरणात बंद असतं आणि त्याला रक्तवाहिन्या नाहीत. त्यातली प्रथिनं अंड्यातल्या पांढऱ्यासारखी एकदा थिजली की वरून धुऊन निघत नाहीत. प्रयत्न प्रयोगशाळेतही झाले. लॅनोस्टेरॉल नावाच्या द्रव्यानं कुत्र्यांच्या डोळ्यातलं धुकं विरळ झाल्याचं 2015 मध्ये प्रसिद्ध झालं, पण पुढे काढलेल्या मानवी भिंगांवर ते चाललं नाही. खरं काम वेगळीकडे झालं. 29 नोव्हेंबर 1949 रोजी लंडनमध्ये हॅरोल्ड रिडलेनं माणसाच्या डोळ्यात पहिलं कृत्रिम भिंग घातलं, आणि 1992 पासून मदुराईचं ऑरोलॅब ते स्वस्तात करू लागलं. भिंग परवडू लागलं तसा जाड भिंगांचा तो सोडा-बाटली चष्माही मागे पडला.

यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाकडे किंवा वर्धा नदी ओलांडून सेवाग्रामला जायचं, की देवळीतली बाटली आणखी एक हंगाम चालवायची, हे घरात ठरतं. तिथे डॉक्टरच्या सांगण्यापेक्षा शेजारच्या आजीचं वजन जास्त. तिचं वैशाखात ऑपरेशन झालेलं असतं, टाकाही पडलेला नसतो, आणि अंगणात बसून ती तांदळातले खडे वेचता वेचता सुनेला सांगत असते की हिच्या तांदळात किती खडे राहतात.